दालीचं चित्र सोफ्याच्या मापात कापायचं का?

येऊरवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत नव्या घरी राहायला आलोय. हॉलमध्ये सोफ्यामागची भिंत लांबलचक आहे, पण फॉल्स सीलिंगमुळे उंची फारशी मिळत नाही. तिथे सॅल्व्हादोर दालीचं 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी' लावायचं हे माझ्या मनात कॉलेजपासून आहे. वितळलेल्या घड्याळांचं ते चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. प्रिंट करून देणारा म्हणाला, "ताई, या भिंतीला चार बाय दोन फुटांचा आडवा कॅनव्हासच शोभेल. मूळ चित्र त्या मापात बसत नाही, तर वरून-खालून थोडं कापून घेऊ. घड्याळं सगळी येतील."

तसा नमुनाही त्याने मोबाइलवर पाठवलाय. घड्याळं खरंच चारही आहेत. झाड आहे, मधला तो झोपलेला चेहरा आहे. यादी करायला बसलं तर महत्त्वाचं काहीच गेलेलं नाही. पण नमुना बघताना मला काहीच होत नाही. मूळ चित्र लॅपटॉपवर शेजारी उघडलं की लगेच तो सुनसानपणा अंगावर येतो.

असं का होतं? "मूळ कलाकृतीला हात लावू नये" हे उत्तर मला माहीत आहे, ते नकोय. आकाशाची एक पट्टी गेल्याने चित्रात नेमकं काय बदलतं, ते जाणकारांनी उलगडून सांगावं.

नेरूळचे_सर

येऊरवाट ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी मापं बघू. हे चित्र १९३१ सालचं, तैलरंगातलं, आणि आकाराने अगदी लहान: २४ बाय ३३ सेंमी. ए-फोर कागदापेक्षा जेमतेम मोठं. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते १९३४ पासून आहे. तुम्हाला हवा असलेला कॅनव्हास लांबीला उंचीच्या दुप्पट. म्हणजे ३३ सेंमी रुंदी पूर्ण ठेवली, तर उंची १६.५ सेंमीच उरते. २४ पैकी साडेसात सेंमी गेले. याला 'थोडं कापणं' म्हणत नाहीत, जवळजवळ एक तृतीयांश चित्र गेलं.

आता त्या एक तृतीयांशात काय होतं ते पाहा. समुद्राची रेघ या चित्रात बरीच वर आहे. वर पिवळ्यातून निळ्यात जाणारं आकाश, उजवीकडे उन्हात उजळलेले कडे. हे कडे दालीने मनाने काढलेले नाहीत. कॅटलोनियातल्या पोर्त लिगात गावी तो राहायचा, त्या किनाऱ्यावरचे, काप दे क्रेउसच्या बाजूचे ते खडक आहेत. रोज बघितलेले, खरे. ते खरे आहेत म्हणूनच घड्याळं मऊ पडलेली पाहून आपण दचकतो. सगळंच मऊ, सगळंच विचित्र असतं तर ते परीकथेतलं चित्र झालं असतं. अतिवास्तववादी, म्हणजे सर्रिअलिस्ट, चित्रात एका अशक्य गोष्टीभोवती कितीतरी शक्य गोष्टी मांडलेल्या असतात. कापणारा माणूस नेमक्या शक्य गोष्टी कापतो, कारण त्याला त्या 'मागचा सीन' वाटतात.

दुसरं, तोल. चित्राची डावी बाजू जड आहे. तपकिरी ठोकळा, त्यावरचं घड्याळ, मुंग्या बसलेलं ते मिटलेलं नारिंगी घड्याळ, वठलेलं झाड, सगळं डावीकडे खाली. त्याला तोलून धरतात ते उजवीकडे वर असलेले उजळ कडे. आकाराने लहान, पण प्रकाश तिथे आहे. नजर खालच्या अंधारातून तिरकी वर जाते, कड्यांवर थांबते आणि मग पुन्हा खाली मधल्या चेहऱ्याकडे उतरते. वरची पट्टी कापली की हा तिरका रस्ताच बंद होतो. नजर घड्याळावरून घड्याळावर जाते आणि चित्र बघून संपतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कापल्यावर घड्याळं मोठी होतात. एका मिलिमीटरनेही त्यांना हात लावलेला नसतो, तरी चौकटीच्या हिशेबात ती मोठी होतात. मूळ चित्रात त्यांच्याभोवती कुणीही नसलेली जमीन आहे आणि त्या जमिनीच्या मानाने घड्याळं किरकोळ आहेत. तुम्हाला जो सुनसानपणा जाणवतो तो त्या जमिनीत आणि आकाशात आहे, घड्याळांत नाही.

तुर्भे_छापखाना

सरांनी चित्राची बाजू मांडली, मी छपाईची मांडतो. ताई, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त कापलं जाणार आहे.

कॅनव्हास प्रिंट लाकडी पट्ट्यांवर ताणून मागे पिना मारतात. पट्टीची जाडी बहुतेक दीड इंच. कडेवरही चित्रच दिसलं पाहिजे असं ठरलं, तर चित्राची दीड इंच कड चारी बाजूंनी वळून बाजूला जाते. दोन फूट म्हणजे २४ इंच उंचीत वरचे दीड आणि खालचे दीड, तीन इंच गेले. आठवा हिस्सा. आधीच एक तृतीयांश कापलेल्या चित्राचा आणखी आठवा हिस्सा. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण फुलांच्या आणि डोंगरांच्या प्रिंटमध्ये कुणाला फरक पडत नाही.

यावर उपाय आहेत. एक तर कड पांढरी किंवा एकाच रंगाची मागा. नाहीतर कडेवर चित्राचं प्रतिबिंब उलटवून छापतात, तसं मागा, मग समोरचं चित्र पूर्ण राहतं. कागदावर छापत असाल तर चारी बाजूंनी पांढरा समास ठेवायला सांगा. समास नसेल तर कटिंगच्या सोयीसाठी फाइल तीनेक मिलिमीटर वाढवून लावतात आणि तेवढी कड उडते.

आणि सगळ्यात आधी फाइल तपासा. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच फाइल कुणीतरी आधीच कापलेल्या असतात. रुंदीला उंचीने भागा. या चित्रासाठी उत्तर १.३७ च्या आसपास आलं पाहिजे. १.६ किंवा १.७८ आलं तर ती कुणाच्या तरी कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी कापलेली फाइल आहे.

पाणथळ

थोडा विरोधी सूर लावतो. मी ऐरोली ते नेरूळ खाडीकाठी पक्ष्यांचे फोटो काढतो. आमच्याकडे कापणं म्हणजे पाप नाही, ती रचनेची अर्धी प्रक्रिया आहे. आणि चित्रकारांनीही ते केलंय. फ्रेंच चित्रकार देगाच्या नर्तिका कडेला अर्ध्या कापलेल्या असतात, जपानी छापचित्रं आणि फोटोग्राफी दोन्हींचा तो परिणाम होता. खुद्द अतिवास्तववाद्यांनी कात्री किती चालवली! माक्स अर्न्स्टने १९व्या शतकातल्या पुस्तकांतली कोरीव चित्रं कापून, एकावर एक चिकटवून कोलाजच्या कादंबऱ्या केल्या. रेने माग्रितने १९३० मध्ये एका स्त्रीदेहाची पाच वेगळी चित्रं करून पाच चौकटींत एकाखाली एक लावली: चेहरा, छाती, पोट, गुडघे, पावलं. मधले भाग नाहीतच. मग आपण कापलं तर एवढं काय बिघडलं?

नेरूळचे_सर

पाणथळ, माग्रितचं उदाहरण अगदी नेमकं आहे आणि माझ्या मते ते माझ्याच बाजूने बोलतं. त्या पाच चौकटींमध्ये मोकळी भिंत दिसते. ती भिंत रचनेचा भाग आहे. डोळा पाच तुकडे जोडून एक बाई उभी करतो आणि त्याच वेळी ती जोडलेली नाही हेही त्याला दिसत राहतं. काय गाळायचं हे माग्रितने ठरवलं आणि गाळलेलं आपल्याला दाखवलं. देगाची अर्धी नर्तिका पाहताना मंच चौकटीबाहेर चालू आहे हे आपल्याला कळतं. सोफ्यासाठी कापलेल्या दालीत काय गाळलंय हे बघणाऱ्याला कळायला मार्गच नाही. कात्री तीच, पण तुमच्या उदाहरणांत ती रचनेतून आली आणि इथे भिंतीच्या मापातून.

तुमच्याच फ्लेमिंगोंचं घ्या ना. पाम बीच रोडच्या बाजूने काढलेला तुमचा एक फोटो इथेच पाहिला होता: खाली चिखलात गुलाबी थवा, मागे टॉवरची भिंत. तो फोटो पक्ष्यांपुरता कापला तर पक्षी सुंदरच दिसतील, पण ते कच्छचे की नेरूळचे हे कळणार नाही. टॉवर ठेवले तर बघणारा थबकतो.

पाणथळ

फ्लेमिंगोंचा मुद्दा मान्य, तो फोटो मी मुद्दाम कापला नव्हता. मात्र 'रचनेतून आलेली कात्री' फक्त मूळ चित्रकाराचीच असू शकते, हे मला अजून पटलेलं नाही. बघणाराही रचना करतो.

चित्रवेडी

वाशीहून. माझा प्राण माग्रितमध्ये आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'द सन ऑफ मॅन' हे १९६४ चं चित्र आता मगवर, टी-शर्टवर, उशीच्या अभ्र्यावर दिसतं. गोल हॅट आणि तोंडासमोर हिरवं सफरचंद, एवढंच. लोकांना वाटतं चित्र तेवढंच आहे. मूळ चित्र ११६ बाय ८९ सेंमी, उभं. माणूस एका बुटक्या भिंतीपुढे उभा, मागे समुद्र, वर ढगाळलेलं आकाश. त्याचा डावा हात नीट बघा, कोपर उलट्या बाजूला वळल्यासारखं दिसतं. मगवर हे येतच नाही. सफरचंदाने तोंड झाकलंय हे आपल्याला आधी दिसतं, आणि हाताचं ते चुकीचं वळण हळूहळू, बऱ्याच वेळाने. एकदा दिसलं की या माणसाबद्दल काहीच खात्री उरत नाही. फक्त डोकं ठेवलं तर एक गंमतीदार कल्पना उरते. शिवाय ती भिंत आडवी जाते, माणूस उभा राहतो आणि सफरचंद अधांतरी, तीन वेगळ्या गोष्टींचा ताण आहे तो. भिंत गेली की सफरचंद कशाच्या मानाने अधांतरी आहे तेच कळत नाही.

आणि १९२९ चं ते पाइपचं चित्र, लॉस एंजलिसच्या संग्रहालयातलं. वर तंबाखूचा पाइप, खाली फ्रेंच हस्ताक्षरात 'हा पाइप नाही'. खालची ओळ कापून बघा. तंबाखूच्या दुकानाची पाटी उरते! एका ओळीच्या पट्टीने चित्राचा अर्थ पूर्ण उलटा होतो असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

अजून एक, 'द ह्यूमन कंडिशन', १९३३, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं. खिडकी, पडदे, खिडकीपुढे ईझल (चित्र ठेवायची घोडी), ईझलवर कॅनव्हास, आणि कॅनव्हासवरचं निसर्गदृश्य खिडकीबाहेरच्या दृश्याशी तंतोतंत जुळणारं. हे कॅनव्हास आहे हे आपल्याला कळतं कशावरून? उजवीकडे दिसणारी त्याची पांढरी कड, ईझलचे पाय, वरची खुंटी, एवढ्यावरून. आतला मधला भाग कापून घ्या: झाड, गवत, ढग. कॅलेंडरवरचं साधं दृश्य. काहीच विचित्र नाही. अख्खं चित्र त्या बोटभर पांढऱ्या कडेवर उभं आहे.

कळवेकर

एवढं सगळं वाचून मला एक साधी गोष्ट विचारावीशी वाटते. घर ताईंचं, भिंत ताईंची, प्रिंट म्हणजे काही मूळ चित्र नव्हे. न्यूयॉर्कमधलं चित्र कुणी कापत नाहीये. कलेच्या जाड पुस्तकांतसुद्धा पानभर नुसता चेहरा नाहीतर नुसता हात छापतात. मग तिथे चालतं ते सोफ्यामागे का चालू नये?

नेरूळचे_सर

कळवेकर, प्रश्न रास्त आहे. पुस्तकात अशा पानाखाली 'तपशील' असं छापलेलं असतं आणि पूर्ण चित्र मागच्या-पुढच्या पानावर असतं. वाचक दोन्ही ताडून बघतो. तपशील हा भिंगातून बघण्याचा प्रकार आहे, तो चांगलाच आहे. दालीच्या त्या मुंग्या किंवा घड्याळावर बसलेली माशी नीट बघायची तर तपशीलच हवा. पण भिंतीवर एकच चित्र राहतं, वर्षानुवर्षं, आणि घरातली लहान मुलं तेच चित्र म्हणून लक्षात ठेवतात.

घर त्यांचं, यात वाद नाही. त्यांनी 'का' विचारलं म्हणून आपण बोलतोय.

मूळ चित्रंही कापली गेली आहेत, तेही सांगतो. रेम्ब्रांचं 'द नाइट वॉच', १६४२ सालचं. १७१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवताना तिथल्या जागेत मावेना म्हणून चारी बाजूंनी कापलं, डावीकडून तर जवळजवळ ६० सेंमी. कापलेल्या पट्ट्या आजतागायत सापडलेल्या नाहीत. जुनी एक छोटी नक्कल शिल्लक होती, तिच्या आधारे २०२१ मध्ये राइक्सम्यूझियमने कॉम्प्युटरच्या मदतीने गेलेला भाग छापून मूळ चित्राभोवती लावून दाखवला. तेव्हा दिसलं, की रेम्ब्रांने कॅप्टनला मध्यभागी ठेवलेलंच नव्हतं. तो उजवीकडे सरकलेला होता, डावीकडे मोकळी जागा होती आणि म्हणून सगळी तुकडी पुढे चालू लागल्यासारखी वाटायची. डावी पट्टी गेली, कॅप्टन मध्यावर आला आणि ती चाल मंदावली. हे चित्र अतिवास्तववादी नाही, पण जागेसाठी कापल्यावर गुरुत्वमध्य कसा सरकतो ते याच्याइतकं स्वच्छ कुठे दिसणार नाही.

तलावपाळी

वकिलीतून एक छोटी भर. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलावंताला विशेष हक्क दिलेला आहे. हक्क विकले तरी, त्याच्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड किंवा फेरफार झाला तर तो दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं, त्यात त्याचं नुकसान झालं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाखांच्या भरपाईचा आदेश दिला. घरच्या प्रिंटवर कुणी खटला भरणार नाही, पण 'कापल्याने काय होतं' हा प्रश्न कायद्यानेही गंभीरपणे घेतलाय हे सांगावंसं वाटलं.

आणि हो, भारतात कलाकृतीच्या कॉपीराइटची मुदत कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दाली गेला १९८९ मध्ये. तेव्हा फाइल उतरवून छापून घेण्यापेक्षा अधिकृत पोस्टर घ्या.

येऊरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, चित्र पूर्ण लावायचं. उंची दीड फूट ठेवली तर रुंदी दोन फुटांच्या जरा वर जाते, उरलेली भिंत मोकळी राहील. अधिकृत पोस्टर बघते, तलावपाळी.

पण हे सगळं वाचून माझं डोकं दुसरीकडेच गेलं. माझी लेक यंदा चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसतेय. तिच्या सरांनी पुठ्ठ्याच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या करून दिल्यात, त्या चित्रावर पुढेमागे सरकवून चौकट लहान-मोठी करून बघायची. आम्ही दोघींनी ज्योर्जो द किरिकोचं १९१४ चं 'मिस्ट्री अँड मेलँकली ऑफ अ स्ट्रीट' छापून घेतलं आणि त्यावर पट्ट्या ठेवल्या. रिकामा रस्ता, चक्र फिरवत पळणारी मुलगी, आणि इमारतीआडून रस्त्यावर पडलेली कुणाची तरी लांब सावली, ते चित्र.

आधी सावली झाकली. मुलगी एकदम नुसती खेळणारी मुलगी झाली, काही धाक उरला नाही. मग सावली ठेवून मुलगी झाकली, तर रस्ता फक्त ओसाड दिसला. हे अपेक्षितच होतं. पण उजवीकडची अंधारी इमारत पूर्ण झाकली तेव्हा मात्र चित्र एकदम 'सरळ' झालं. मुलगी आहे, सावलीचा बराचसा भाग आहे, तरी ती घेरी आल्यासारखी भावना गेली. हे का झालं? लेक म्हणते पर्स्पेक्टिव्हचं काहीतरी आहे.

नेरूळचे_सर

लेकीला शाबासकी द्या, तिचं बरोबर आहे!

डावीकडच्या पांढऱ्या कमानींच्या रेषा वाढवत नेल्या तर त्या एका बिंदूत मिळतात. उजवीकडच्या अंधाऱ्या इमारतीच्या रेषा दुसऱ्याच बिंदूकडे जातात. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींना दोन वेगळे लोपबिंदू. म्हणजे एकाच जागी उभं राहून हा रस्ता असा दिसणं शक्यच नाही. डोळ्याला हे लगेच उमगत नाही, पण पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं. एक इमारत झाकलीत की भांडणारा एक बिंदू गेला आणि उरलेलं चित्र शाळेतल्या पर्स्पेक्टिव्हच्या धड्यासारखं नीट झालं. पट्टी सरकवून लोपबिंदूंचा खेळ पकडणारी मुलगी मला शिकवायला मिळाली असती तर आनंद झाला असता.

हे चित्र आंद्रे ब्रेताँच्या १९२४ च्या अतिवास्तववादाच्या जाहीरनाम्याच्या आधीचं. पण पुढच्या अतिवास्तववाद्यांना द किरिकोकडून मिळालं ते हेच: विचित्रपणा वस्तूत न ठेवता जागेत ठेवायचा. म्हणून या लोकांची चित्रं कापताना वस्तू वाचवून भागत नाही.

स्मरणचित्राच्या पेपरबद्दल एक सांगून ठेवतो. कागद रिकामा दिसला तर मार्क जातील या भीतीने मुलं आकृत्या फुगवून कागद भरून टाकतात. रिकामी जागाही काढावी लागते, हे तिला आत्ताच कळलं तर पुढे फार उपयोग होईल.

चित्रवेडी

रिकाम्या जागेवरून आपले प्रभाकर बरवे आठवले. १९३६ चा नागावचा जन्म, जे.जे.मध्ये शिक्षण, १९९५ मध्ये गेले. त्यांना सरळ अतिवास्तववादी म्हणावं का यावर मतं वेगळी असतील, पण घड्याळ, पान, शिंपला अशा हाताशी असणाऱ्या वस्तू एनॅमल रंगांच्या सपाट अवकाशात एकमेकींपासून लांब ठेवलेल्या पाहिल्या की मला तीच जातकुळी जाणवते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. बरव्यांच्या चित्राचा फोटो मोबाइलवर चौकोनात कापून कुणी टाकला की मला खरोखर वाईट वाटतं. दोन वस्तूंमधलं अंतर हीच तिथली मुख्य आकृती असते, आणि चौकोनात बसवताना आधी अंतर जातं.

तुर्भे_छापखाना

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर हिशेब देतो. दालीचं हेच चित्र उभ्या स्क्रीनच्या १६ बाय ९ मापात कापलं, तर २४ सेंमी उंचीला साडेतेरा सेंमी रुंदी मिळते. ३३ पैकी साडेएकोणीस गेले. निम्म्याहून जास्त! वॉलपेपर म्हणून ठेवणारे ठोकळा आणि झाड ठेवतात किंवा चेहरा ठेवतात, दोन्ही एकत्र मावत नाही.

नेरूळचे_सर

आणि असं कापल्याने ज्याचा प्राणच जाईल असं दालीचं चित्र म्हणजे १९३७ चं 'मेटामॉर्फसिस ऑफ नार्सिसस', लंडनच्या टेटमध्ये आहे. डावीकडे पाण्यात वाकून बसलेला ग्रीक पुराणकथेतला नार्सिसस, उजवीकडे तीच बाह्यरेषा, पण आता ती दगडी हाताची, बोटांत अंडं धरलेलं, अंड्यातून फूल उगवलेलं. डोकं कुठे होतं तिथे अंडं, गुडघा कुठे होता तिथे अंगठा, हे डोळ्याने डावी-उजवी ये-जा करून जुळवायचं. दालीने १९३८ मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडला भेटायला जाताना हेच चित्र सोबत नेलं होतं. उभ्या स्क्रीनवर यातला एकच अर्धा मावतो. वाकलेला माणूस उरतो किंवा अंडं धरलेला हात उरतो. रूपांतर दोन्हींच्या मध्ये होतं, ते कुठेच उरत नाही.

फ्रीदा काहलोच्या 'टू फ्रीदाज'चंही तेच. तिला स्वतःला अतिवास्तववादी म्हणवून घेणं मान्य नव्हतं, पण चित्र जवळजवळ चौरस, दोन फ्रीदा शेजारी, एका हृदयातून दुसऱ्या हृदयाकडे जाणारी रक्तवाहिनी. मोबाइलच्या कव्हरवर एकच फ्रीदा आली की ती रक्तवाहिनी कडेला तुटते आणि कुठे जाते ते कळत नाही.

पाणथळ

सर, आता मी एक चित्र पुढे करतो जे कापलं तरी चालेल. माग्रितचं 'गोलकोंडा', १९५३, ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहातलं, ८० बाय १०० सेंमी. नाव आपल्या हैदराबादजवळच्या गोवळकोंड्यावरून, ते त्याच्या कवी मित्राने सुचवलेलं. हॅट घातलेली असंख्य माणसं हवेत सारख्या अंतरावर, पावसाच्या थेंबांसारखी. हा नमुना चौकटीबाहेर चालूच आहे असं वाटतं. मग कुठूनही कापा, तेच मिळेल.

चित्रवेडी

तेच कसं मिळेल? माणसं तीन मापांची आहेत. जवळची मोठी, त्यामागची मध्यम, लांबची अगदी बारीक. मधलाच एक तुकडा कापला तर ही खोली निम्मी होते. आणि खालची व उजवीकडची घरं, लाल कौलांची, खिडक्यांची. ती गेली की कपड्याच्या ठाण्यावरची छपाई उरते.

पाणथळ

घरं ठेवतो. फक्त वरून आकाशाची पट्टी काढतो, येऊरवाट ताईंच्या भिंतीसाठी. माणसं पुरेशी उरतात, तिन्ही मापांची. आता सांगा काय गेलं?

नेरूळचे_सर

हे कापणं मी आत्ता स्क्रीनवर हाताने झाकून पाहिलं. तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, आतापर्यंतच्या चित्रांत सगळ्यात कमी नुकसान इथेच होतं. सारख्या अंतरावर पसरलेल्या रचनेला एकच केंद्र नसतं, म्हणून ती कात्री सोसते.

तरी एक गोष्ट बदलते. पूर्ण चित्रात घरांच्या वर इतकं आकाश आहे की ही माणसं पडतायत, चढतायत की नुसती थांबलीयत ते ठरवता येत नाही. वरची पट्टी काढली की घरं चौकटीत जड होतात, जमीन जवळ येते, आणि माणसं खाली उतरत असल्यासारखी वाटू लागतात. पट्टी रुंद करत नेलीत तर तो कल वाढतो. ताईंच्या लेकीकडच्या एल पट्ट्या घेऊन तुम्हीही करून बघा: आधी वरून कापा, मग तेवढंच खालून. खालून कापल्यावर मला ती वर जाताना दिसली.